दोन फोरिंटची चाळणी

हंगेरीतल्या सोलनोकच्या टेलिफोन कार्यशाळेत मी लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. वेंदेल बर्ता सेहेचाळीसचे. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या तळहातावर दोन फोरिंटची दोन नाणी ठेवली आणि म्हणाले, "पोरी, यातलं खोटं कुठलं?"

मी दोन्ही उलटीपालटी केली. एक झगझगीत पिवळं, दुसरं गुळगुळीत झालेलं, कडाही झिजलेल्या. "हे," मी झिजलेलं उचलून म्हटलं.

"दोन्ही खरी आहेत. ते बिचारं चौदा वर्षं लोकांच्या खिशात घासलंय, एवढाच त्याचा गुन्हा. तू फसलीस तशी यंत्रानं फसायचं नाही. आपलं काम तेवढंच."

रस्त्यावरच्या प्रत्येक फोनच्या पोटात एक पत्र्याची पेटी असायची. नाणं आत पडलं की आधी एका फटीवरून घरंगळायचं, आकारानं लहान असेल तर तिथूनच गळायचं. लोखंडाचं असेल तर पुढच्या चुंबकाला चिकटायचं. त्यातून सुटलं की एका इवल्याशा डुलत्या पाळण्यात बसायचं. पाळण्याच्या दुसऱ्या टोकाला वजन. नाणं पुरेसं जड असेल तरच पाळणा कलायचा, नाणं गल्ल्यात जायचं आणि फोन लागायचा. नाहीतर खडखडत खालच्या वाटीत परत. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत. आम्ही त्या पेटीला चाळणी म्हणायचो. वेंदेलकाकांइतकी बारीक चाळणी जुळवणारा माणूस तिसा नदीच्या या काठाला दुसरा नव्हता. पाळण्याचा स्क्रू ते कानानं जुळवत. डोळे मिटून नाणं सोडायचे, आवाज ऐकायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर."

काकांनी लग्न केलं नव्हतं. त्यांचं जे काही होतं ते अंबरुश, पाच वर्षांनी धाकटा भाऊ. वडील महायुद्धात रशियातल्या डॉन नदीच्या आघाडीवर गेले ते परतलेच नाहीत, अंबरुशचं तोंडही त्यांनी पाहिलं नाही. आई गेली तेव्हा काका एकोणीस वर्षांचे होते. भावाला त्यांनी वाढवलं, हातात कानस दिली, एका कारखान्यात लेथवर लावून दिलं. अंबरुश हसरा, उंचापुरा, कुणालाही आवडेल असा. आणि दारूत बुडत चाललेला.

त्र्याऐंशीच्या शरद ऋतूत आमच्या गल्ल्यांमध्ये पितळी चकत्या सापडायला लागल्या. कुणीतरी पितळेच्या सळईतून नाण्याच्या मापाच्या चकत्या कापत होतं, आणि आमच्या चाळण्या त्या मुकाट्यानं गिळत होत्या. कार्यशाळेत सगळे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी एक चकती भिंगाखाली धरली, अंगठ्यानं तिची कड चाचपली आणि ती खिशात टाकली.

त्याच दुपारी बाहेरचं काम आटोपून आम्ही परतत होतो. काका वाटेत एका गुत्त्याशी थांबले. मी मागोमाग आत गेले. अंबरुश मित्रांच्या घोळक्यात बसला होता. काकांनी चकती त्याच्यासमोर ठेवली.

"ही तुझी."

"कशावरून? नाव कोरलंय का माझं?"

"कडेची धार मारलीयस. वापरणाऱ्याचा हात कापू नये म्हणून. हे तुला मीच शिकवलं."

अंबरुशनं चकती उचलून दिव्याकडे धरली. "दादा, तुझ्या चाळणीनं खाल्ली ना ही? मग खरीच की!" सगळे खिदळले. "तुझं यंत्र फार भोळं आहे रे. अगदी तुझ्यावर गेलंय."

मी काकांकडे पाहिलं. कान लाल झाले होते. ते बाहेर पडले. रेल्वेचे रूळ ओलांडल्यावर म्हणाले, "भोळं काय? दाखवतो."

दुसऱ्या दिवशी आमचे वरिष्ठ, होर्नयाकसाहेब, चकत्यांची पिशवी टेबलावर ओतून ओरडले, "बर्ता, ही भानगड वर्षअखेरीच्या आत बंद झाली पाहिजे!" कुणाचं काम आहे हे काकांनी सांगितलं नाही. फक्त म्हणाले, "बंद होईल."

तीन आठवडे त्यांनी जेवणाच्या सुट्टीतही मान वर केली नाही. चकती नव्या नाण्याहून किंचित हलकी होती; शेवटी पाळण्याचं असं माप काढलं की ती हमखास परत. साहेबांसमोर वीस चकत्या सोडल्या, वीसही खणखणत वाटीत आल्या.

"शाब्बास! आणि खरी नाणी?"

"फार झिजलेली असतील तर शंभरातली पाच-सात परत येतील."

"येऊ देत. लोक दुसरं टाकतील."

नाताळच्या आत गावातल्या सगळ्या फोनमध्ये नवं माप बसलं. अर्धे काकांनी केले, अर्धे मी.

अंबरुशची नोकरी जानेवारीत गेली. चकत्यांमुळे नव्हे, दारूमुळे. यंत्रावर झोकांड्या खाताना पकडला गेला. नदीकाठी एका खोलीत राहायला लागला. काका दर रविवारी बीनच्या सुपाचा डबा घेऊन जायचे आणि सोमवारी पडलेल्या चेहऱ्यानं कामावर यायचे. फेब्रुवारीतल्या एका सोमवारी मला म्हणाले, "काल शेवटचं सांगून आलो. म्हटलं, तू पीत राहशील तोवर मी या दारात येणार नाही. ज्या दिवशी शुद्धीवर असशील त्या दिवशी मला फोन कर. चारपर्यंत कार्यशाळेत असतो. जिथे असशील तिथे येतो आणि तुला स्वतः दवाखान्यात नेतो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, दादा, फोनला खरं नाणं लागेल का माझंच चालेल?"

काका किंचित हसले. मग आपलं बाकडं ओढत भिंतीवरच्या फोनजवळ नेलं. त्या दिवसापासून कामाची घंटा झाली तरी ते कोट घालायला वेळ लावायचे. फोन वाजला की मान वर व्हायची. फोन साहेबांचा असायचा, नाहीतर गोदामाचा.

मार्चच्या मध्यावर तिसेवरचा बर्फ फुटला आणि पुलाच्या खालच्या अंगाला अंबरुश सापडला. स्वतः गेला की पाय घसरला, कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी अपघात लिहिला. काकांनी दोन दिवस रजा घेतली, तिसऱ्या दिवशी कामावर आले. मी जवळ गेले तर म्हणाले, "बोलू नकोस, पोरी. काम दे."

आठवड्यानं बस स्टँडवरच्या फोनची तक्रार आली. आम्ही दोघं गेलो. फोनच्या समोरच मल्वीनाबाईंची टपरी, तिथे त्या लांगोश, म्हणजे आंबवलेल्या पिठाच्या जाड पुऱ्या तळायच्या, वर लसूण आणि आंबट साय. काकांनी पेटी उघडली आणि बाईंनी झारा हातात घेऊनच तोंड सोडलं.

"आलात एकदाचे! हा तुमचा डबा आहे की सासू? काही दिलं की तोंडावर फेकतो! सगळा हिवाळा लोक माझ्याकडे नाणी बदलून मागतायत. मी तळू का बँक चालवू?"

"कधीपासून?" मी विचारलं.

"नाताळपासून. थंडी पडली की जास्तच. अहो, एक दिवस तर... माझ्या गॅसची नळीही गोठली होती, म्हणून लक्षात आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस. एक उंच माणूस आला, कानटोपीचा एक कान लोंबत होता. नाणं टाकतोय, परत. टाकतोय, परत. सहा-सात वेळा. माझ्याकडून दोन बदलून नेली, तीही परत. मला वाटलं बेवडा आहे, पण जवळ आला तर तोंडाला वास नाही. दाढी केलेली. हसून म्हणाला, मावशी, हे यंत्र हुशार झालं."

काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर थांबला.

"मग?" मीच विचारलं.

"मग काय? विचारलं, चार वाजले का? म्हटलं, दहा मिनिटं आहेत. जरा वेळ उभा राहिला. पुन्हा टाकलं, पुन्हा परत. मग गेला. पुलाच्या दिशेनं. का हो, ओळखीचा होता?"

काकांनी पेटी फोनमधून काढली, कोटाखाली घेतली आणि चालू लागले. बस स्टँडपासून कार्यशाळेपर्यंत चालत अर्धा तास. ते बसमध्ये चढले नाहीत. मीही त्यांच्या मागून चालत गेले.

कार्यशाळेत त्यांनी पेटी खानावळीच्या मांस ठेवायच्या फ्रीजरमध्ये ठेवली. आचारीण ओरडत राहिली. दोन तासांनी बाहेर काढून त्यांनी साठवलेली शंभर खरी नाणी एकेक करून आत सोडली. मी मोजत होते. त्रेचाळीस परत आली. उबेत जुळवलेला पाळणा गारठ्यात जड झाला होता. बिजागरीतलं तेल घट्ट झालं होतं.

मला राहवलं नाही. "काका, तो बस स्टँडचा फोन मी जुळवला होता. तेल मी भरपूर घातलं होतं, गंजू नये म्हणून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेलाची बाटली मी दिली. माप माझं. हट्ट माझा."

"तुम्हाला काय ठाऊक, तो तुम्हालाच फोन करत होता म्हणून?"

"मग कुणाला, इर्मा?" ते म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती.

मग ते साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

"सगळी मापं सैल करायची परवानगी द्या."

"वेडा झालास का? या तिमाहीत एक चकती सापडलेली नाही. वरून अभिनंदनाचं पत्र आलंय, तुझं नाव आहे त्यात."

"थंडीत निम्मी खरी नाणी परत येतात."

"थंडी संपली की."

"पुन्हा येईल."

"तेव्हा बघू. बर्ता, तुझ्या घरी काय झालं ते मला माहीत आहे, वाईट वाटतं मला. पण भलत्या गोष्टी एकमेकीत अडकवू नकोस."

भाऊ कुठून फोन करत होता हे काकांनी साहेबांना सांगितलं नाही. मीही नाही.

एप्रिलभर ते किल्ल्यांचा जुडगा घेऊन भर दिवसा गावभर हिंडले आणि एकेक फोन उघडून पाळणा सैल करत गेले. कुणी विचारलं तर सांगायचे, तपासणी आहे. मे महिन्यात गल्ल्यात पुन्हा चकत्या सापडल्या. अंबरुश गेला होता, पण लेथ चालवणारे हात त्या कारखान्यात बरेच होते. साहेबांनी दोन फोन उघडून पाहिले आणि काकांच्या किल्ल्या काढून घेतल्या. त्यांना तळघरातल्या गोदामात टाकलं, तारांची रिळं आणि जुन्या डिरेक्टऱ्या सांभाळायला.

साहेबांनी मला बोलावलं. "माप तुला माहीत आहे. सगळे फोन पूर्ववत कर."

मी केले. खोटं कशाला सांगू? मला सरकारी घर मिळायचं होतं, यादीत माझं नाव साहेबांच्या शिफारशीनं लागलेलं. तेल तेवढं पातळ वापरलं. बस स्टँडवर गेले तेव्हा मल्वीनाबाईंनी विचारलं, "ते म्हातारबाबा कुठे गेले?" ते म्हातारे नव्हते. मी म्हटलं, "बदली झाली."

काका निवृत्तीपर्यंत तळघरात राहिले. मी डबा घेऊन खाली जायचे. सुरुवातीला बोलायचे, मग कमी कमी होत गेलं. घरच्या फोनसाठी त्यांनी फार पूर्वी अर्ज केला होता. चौदा वर्षांनी मंजुरीचा कागद आला, तो त्यांनी शेजारणीच्या नावावर करून दिला. पुढे कार्डाचे फोन आले आणि चाळण्या पोत्यांत भरून भंगारात गेल्या. ती पोती मी मोटारीत चढवली. होर्नयाकसाहेबांना निरोपाला मनगटी घड्याळ मिळालं.

काकांना फुप्फुसाचा आजार झाला. शेवटच्या हिवाळ्यात मी दर गुरुवारी त्यांच्याकडे जायचे. एका गुरुवारी मी खिडकीशी सफरचंद कापत बसले होते. ते उशीवरून माझ्याकडे वळले.

"सहा-सात वेळा म्हणाली ना ती लांगोशवाली?"

मला कळलं. "हो."

"मरायला निघालेला माणूस एकदा टाकतो आणि निघून जातो."

मी म्हटलं, "काका, खाऊन घ्या थोडं."

"दाढी केली होती त्यानं."

"हो."

"पाच मिनिटं उशीर झाला असता तरी मी थांबलो असतो. मी तर रोजच थांबत होतो. हे त्याला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. चार म्हणालो होतो."

मी फोड पुढे केली, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यानंतरच्या गुरुवारी ते बोलायच्या अवस्थेत नव्हते.

त्यांना भावाशेजारी पुरलं. मी, शेजारीण आणि कार्यशाळेतले दोघं होतो. पाऊस होता, पाद्रीबुवांना घाई होती, त्यांनी नाव चुकून वेंडेलिन घेतलं. कुणी दुरुस्त केलं नाही. परतताना एकजण म्हणाला, "शांत मेला बिचारा, झोपेतच." शेजारीण म्हणाली, "झोपेत कसला! मी होते ना. शेवटपर्यंत टक्क जागा होता." मग आम्ही चौघं बसच्या थांब्यावर भिजत उभे राहिलो.