फुग्यांच्या कारखान्यातलं स्टॉपवॉच

फुग्यांच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत. फुग्यांना लावायची पांढरी पावडर आंघोळीनंतरही कानामागे सापडायची, तसे ते अजून कुठून तरी निघतात. बायको म्हणते, "पुरे झाले ते फुगे." पण ऐकायला बसते.

डहाणूत चिकूच्या वाडीला लागून मनुशेठची लांबलचक शेड होती. मी देखरेखीला. लाकडी साचे ठोकलेला पाट रबराच्या दुधात बुडवायचा, उन्हात वाळवायचा आणि पावडर लावून फुगे सोलायचे. बुडवायचं काम गंजाडकडच्या बायकांचं. त्यांची म्होरकी लखमी.

* * *

वीज आली तेव्हा शेठनी ऑफिसात बल्ब लावला आणि शेजारी कंदीलही पेटता ठेवला. कितीतरी दिवस!

मी म्हटलं, "शेठ, रॉकेल कशाला जाळताय?"

"अरे भाई, इतकी वरसं उजेड दिला त्याने. नवा आला म्हणून जुन्याला त्याच दिवशी बाहेर काढायचा?"

* * *

मग शेठचा भाचा किरीट मुंबईहून आला. इंजिनियर, वर मॅनेजमेंटचा कोर्स केलेला. आल्या आल्या म्हणाला, "मामा, जग बदलतंय. आता जमाना प्रॉडक्टिव्हिटीचा आहे."

शेठनी विचारलं, "डहाणूत मिळते का ती?"

* * *

किरीटकडे एक स्टॉपवॉच होतं. एक पाट बुडवायला किती वेळ लागतो ते मोजायला तो बायकांसमोर उभा राहिला.

"बस ना, साहेब," लखमी म्हणाली.

"नको, मी उभाच बरा."

लखमीने हात पुसले. बाकीच्यांनीही पुसले. सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि घड्याळ धावत राहिलं. एका पाटाला निवांत चहा पिण्याएवढा वेळ लागतो, असा त्याचा निष्कर्ष निघाला. तो हादरलाच.

शेवटी मी लखमीला विचारलं. ती म्हणाली, "पावना दारात उभा नि आमी कामात? असा कोन करतं?"

किरीटला स्टूल दिलं. तो बसला की कामं सुरू. पण बसल्यावर त्याला रबराची टाकीच दिसेना!

* * *

त्याची दुसरी कल्पना सूचनापेटी. चिकूच्या खोक्याची पेटी केली, वर हात जाईल एवढं भोक, पुढे कुलूप. "कामगारांच्या डोक्यात कल्पना असतात, त्या बाहेर आल्या पाहिजेत," तो म्हणाला. मी म्हटलं, "यातल्या एकीला तरी लिहिता येतं का?" हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. बिचाऱ्याचा चेहरा उतरला.

पण आठवडाअखेर पेटी उघडली तर आत बादलीची तुटलेली कडी, कौलाचा तुकडा आणि बाभळीचा काटा.

किरीटने एकेक वस्तू हातात घेऊन ती शेडमध्ये कुठली ते शोधलं. मग त्याने बादली बदलली, गळकं छप्पर शाकारलं आणि पाट वाळवायचं अंगण झाडून घेतलं. मुंबईच्या मित्रांना तो सांगायचा, एवढे स्पष्ट रिपोर्ट मी कुठे वाचले नाहीत.

* * *

पुढे किरीटने मागवलेलं पाट बुडवायचं यंत्र आलं. ट्रकवाल्याने चारोटी नाक्यावर चहा घेतला होता, तरी आमच्याकडे पुन्हा घेतला आणि पिता पिता बोलून गेला, "हे एकटंच या सगळ्या बायांचं काम करतं." पाट बुडवताना बायका एरवी गाणी म्हणायच्या. त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही.

शनिवारी पेटी उचलवेना. कुलूप काढलं तर आत भात. सालासकट, प्रत्येकीने घरून आणलेला मूठमूठ. आता आमच्या पोटाचं काय, एवढंच त्या विचारत होत्या.

शेठ किरीटला म्हणाले, "पेटी तुझी, यंत्र तुझं. उत्तर पण तूच दे."

किरीट शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आला. म्हणाला, "मामा, यंत्र पाट बुडवेल. पण एवढे फुगे सोलणार कोण? तपासणार कोण, पॅक करणार कोण? उलट हात कमी पडतील. एकीलाही काढायचं नाही."

"आणि माल खपला नाही तर?"

"तर आधी मी जाईन."

शेठ हसले. "मी कंदील तरी कुठे काढला होता?"

तो भात कांडून शेडमागेच शिजवला. शेठ घराबाहेर कधी जेवत नसत, त्या दिवशी जेवले. किरीट बायकांच्या पंगतीत मांडी घालून बसला आणि लखमीने त्याला दोनदा वाढलं.

सोमवारी यंत्र सुरू झालं. बटण लखमीने दाबलं. लखमी आणि बाकीच्या बायका आता फुगे सोलायला बसल्या होत्या. किरीट स्टॉपवॉच घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. सवयीने मी स्टूल आणायला धावलो.

एकीचाही हात थांबला नाही. लखमीने तर मान वरसुद्धा केली नाही.

"सरक जरा, किरीट," ती म्हणाली, "उजेड अडतोय."