जो पंतप्रधान झालाच नाही

पुण्याहून मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावी पीएच.डी. करायला आले ती २००१ साली. विषय होता महायुद्धानंतरचं ब्रिटिश राजकारण. अपार्टमेंटमधल्या बाकी तिघी कॉम्प्युटरवाल्या, त्यांना माझ्या विषयात रस असायचं कारण नव्हतं. पुण्याला बाबांनाही नव्हता. साठच्या दशकात ब्रिटनच्या विरोधी पक्षाचा एक नेता निवडणुकीच्या आधी आजारी पडून अचानक गेला, तो जगला असता तर पंतप्रधान झाला असता, आणि मग काय काय बदललं असतं यावर माझं एक प्रकरण आहे, असं मी त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जे झालंच नाही, त्याचा अभ्यास?"

माझे गाइड मूळचे इंग्लंडचे, उत्तरेकडच्या एका कोळशाच्या गावातले. तीस वर्षं अमेरिकेत राहूनही बोलणं तिकडचंच होतं. हा गेलेला नेता त्यांच्या मनातून कधी गेला नाही. तो असता तर पक्ष वेगळा झाला असता, देश वेगळा झाला असता, असं ते वर्गात दर वर्षी सांगायचे. माझं मत उलटं होतं. खुर्चीत कोणीही बसला असता तरी परिस्थितीने त्याच्याकडून तेच करून घेतलं असतं, असं मी लिहीत होते. सर माझा मसुदा वाचून चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "तुझं वय लहान आहे. एकेका माणसाने काय काय अडवलं, ते अजून तू पाहिलेलं नाहीस."

२००२ च्या शरद ऋतूत सरांच्या कोर्सला मी टीचिंग असिस्टंट होते. माझ्या गटात एक एकतीस वर्षांची बाई होती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आठ वर्षांची एक मुलगी, आणि फीची सोय म्हणून राखीव सैन्यात नाव. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार लष्करी ट्रक चालवायला जायची. वर्गात शेवटून दुसऱ्या रांगेत बसायची आणि कागद संपेपर्यंत लिहायची.

सरांनी नेहमीचा निबंध दिला: तो नेता पंतप्रधान झाला असता तर? बहुतेकांनी युरोपबद्दल लिहिलं. हिने व्हिएतनामबद्दल लिहिलं. तो नेता अमेरिकेच्या जास्त जवळचा होता. त्याच्या जागी जो आला त्याने अमेरिकेने सांगूनही ब्रिटिश सैनिक व्हिएतनामला पाठवले नाहीत. हा गेलेला असता तर त्याने कदाचित पाठवले असते. पुढे तिने लिहिलं होतं की तिचा मामा त्या युद्धात एकोणिसाव्या वर्षी गेला. ब्रिटिश आले असते म्हणून तो वाचला नसता. फक्त इंग्लंडमधल्याही काही घरांत असे गेलेल्या मुलांचे फोटो लागले असते.

मी तिला बी मायनस दिला. समासात लिहिलं, 'वैयक्तिक आहे. पुरावा द्या.'

माझी नागपूरची रूममेट सोफ्यावर बसून तो निबंध वाचत होती. "यार, सगळ्यात चांगला तर हाच आहे," ती म्हणाली.

"चांगला आहे, पण इतिहास नाही," मी म्हणाले.

फेब्रुवारीत ती निबंधवाली बाई माझ्या ऑफिसात आली, एक फॉर्म घेऊन. सैन्याचं बोलावणं आलं होतं. नव्या सेमिस्टरचे सगळे विषय सोडायचे होते आणि तिला आमच्या विभागातल्या कोणाची तरी सही हवी होती.

"परत कधी?" मी विचारलं.

"वर्ष म्हणतात. मुलगी आईकडे राहील." मी सही करत असताना ती म्हणाली, "तुझ्या त्या शेऱ्याबद्दल विचारायचं होतं. पुरावा कुठून आणायचा होता? तो माणूस तर मेला."

मी तिला संसदेतली भाषणं, खाजगी पत्रं, डायऱ्या असं काहीतरी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फॉर्म घडी घालून खिशात ठेवला. हिंडायफिरायला निघाल्यासारखी गेली. तिला जपून राहा म्हणायचंही मला सुचलं नाही.

मार्चमध्ये लंडनच्या पार्लमेंटमध्ये अमेरिकेबरोबर युद्धात उतरण्यावर मतदान झालं. इथे तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. सरांच्या खोलीत आम्ही दोघं रेडिओ ऐकत होतो. या वेळच्या पंतप्रधानाने हो म्हटलं होतं, आणि पार्लमेंटनेही म्हटलं. सरांनी रेडिओ बंद केला. "आमचाच पक्ष," एवढंच म्हणाले, आणि कोट घालून बसस्टॉपकडे गेले.

पुढच्या जानेवारीत माझी ती विद्यार्थिनी तिकडे युद्धात मारली गेली. रस्त्यातल्या बाँबवर तिचा ट्रक गेला. विभागात ईमेल आली, ती मी एका सेमिनारमधून बाहेर येऊन लॅबमध्ये वाचली. तिला परत यायला तीन आठवडे राहिले होते.

सर म्हणाले, आपण जायला हवं. काय घालावं ते मला समजेना. आपल्याकडे पांढरं घालतात. शेवटी रूममेटने आपला काळा कोट दिला आणि तिनेच आम्हाला तिच्या गाडीने नेलं. दोन तास डोंगर, बर्फ आणि बंद पडलेल्या खाणी. सर खिडकीतून बघत होते. "माझं गाव असंच आहे," ते म्हणाले.

चर्चनंतर फायर ब्रिगेडच्या हॉलमध्ये जेवण होतं. तिची आई एका फोल्डिंग खुर्चीवर बसली होती, मांडीवर सैन्याने दिलेला, घडी घातलेला झेंडा. शेजारी तिची नात सँडविचचा ब्रेड काढून नुसतं चीज खात होती. मी माझी ओळख सांगितली. आई म्हणाली, "हो, ती सांगायची. तुमच्या क्लासबद्दल."

मग सर बोलले आणि त्यांचे उच्चार ऐकून तिने मान वर केली.

"तुम्ही इंग्लंडचे?"

"हो."

"तुमचेही तिकडे जातायत."

"हो. या वेळी जातायत."

"माझ्या भावाच्या वेळी नव्हते. तिनेच मला सांगितलं, तुमच्या एका माणसाने नाही म्हटलं म्हणून."

"हो. तेव्हा नव्हते गेले," सर म्हणाले.

ती थोडा वेळ झेंड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. "बरं झालं," ती म्हणाली. "तेवढ्या घरांचं तरी बरं झालं."

सरांनी तिचा हात धरला. ते तसेच वाकून उभे राहिले. शेवटी त्या बाईनेच त्यांना बसायला खुर्ची ओढून दिली.

त्या वर्षापासून सरांनी तो निबंध देणं बंद केलं. २००६ मध्ये ते रिटायर झाले आणि इंग्लंडला परत न जाता फ्लोरिडाला मुलीकडे गेले. माझं प्रकरण मी दोनदा फाडलं. खुर्चीत कोणीही असता तरी तेच झालं असतं, हे वाक्य माझ्याने लिहवेना, आणि उलटं लिहायला पुरावा नव्हता. कमिटीला ते प्रकरण गुळमुळीत वाटलं आणि ते गाळूनच प्रबंध मंजूर झाला. अर्ज बरेच केले, शिकवायची नोकरी मिळाली नाही.

आता मी अमेरिकेच्या राजधानीजवळ हर्नडनला असते. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, मी त्याच क्षेत्रातल्या एका कंपनीत मॅन्युअल लिहिते. ऑफिसातले बरेच जण सैन्यातून आलेले आहेत. लंचला ते तिकडच्या युद्धातल्या उन्हाच्या, रस्त्यांच्या गोष्टी सांगतात. मी ऐकते. तुझी पीएच.डी. कशात, असं कोणी विचारलं तर इतिहासात, एवढंच सांगते.