अक्काने बंद केलेलं तेल

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी धुळ्याच्या औषध दुकानात एका आजोबांना गोळ्या समजावून देत होते. "ताई, आई गेली..." मावसभाऊ एवढंच बोलला. मी आजोबांना सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली ते पुन्हा सांगितलं आणि मगच आत जाऊन बसले. त्याला आता दीड महिना होईल.

अक्का माझी मोठी मावशी. चाळीसगावच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी तिचं सासर. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या घोरपडीच्या चरबीचं तेल कढवत. सांधे धरलेली माणसं पार सुरतेहून येत. काका गेल्यावर ते काम अक्काने हाती घेतलं. कायद्याने बंदी होतीच. पण तिकडे कुणी विचारत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हीही कधी विचारलं नाही.

एकदा रानात फिरणाऱ्या सुकाभाऊने घोरपड आणून दिली. अक्काने पोट चिरलं, तर आत अंडी. पांढरी, मऊ, एकाला एक चिकटलेली. ती विळा धरून तशीच बसून राहिली. "पहिले बांधबांधवर दिसेत," ती सुकाभाऊला म्हणाली, "आते वरीसमा एखादी. ती बी माय व्हती रे..." त्या दिवशी तेल बंद झालं. सुकाभाऊ रागावून गेला, पण पुढे तोच मध आणू लागला. मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांचं पोळं फांदीवर ठेवायचं, ही अक्काची अट. त्या मेणाचं भेगांवरचं मलम मात्र तिने शेवटपर्यंत केलं.

दोन वर्षांनी माझ्या आईचे गुडघे धरले. इंजेक्शनं झाली, पट्टे झाले. शेवटी आई म्हणाली, "अक्का, माले तरी दे."

अक्का खाली बघत म्हणाली, "तेल नही शे, बहिन."

माझा तोल गेला. "सख्ख्या बहिणीपेक्षा घोरपड मोठी झाली का?" असं मी बोलून गेले. अक्का आठवड्याने पिशवी घेऊन आमच्याकडे आली आणि महिनाभर राहिली. सकाळ-संध्याकाळ निर्गुडीचा पाला घालून तिळाचं तेल गरम करायची, आईचे गुडघे चोळायची. आई भिंतीकडे तोंड करून पडायची. चोळू द्यायची, बोलायची नाही. चौथ्या आठवड्यात ती आपली आपण दारापर्यंत चालत गेली, तेव्हा अक्काने पिशवी भरली. आईने तिला थांब म्हटलं नाही.

बसस्टँडवर अक्का मला म्हणाली, "ते तेल लावतानाही मी असेच तास तास पाय चोळायची गं. गुण तेलाचा होता की हाताचा, मलाच कळलं नाही कधी. आणि किती जीव मारले मी..." मला माफी मागायची होती. पण बस लागली, ती चढली. पुढे फोनवर पिकाचं, पाण्याचं बोलत राहिलो... माफी राहूनच गेली.

दशक्रियेनंतर आम्ही अक्काच्या खोलीत बसलो होतो. मालेगावकडची एक बाई लंगडत दारात आली. तिला काहीच माहीत नव्हतं. घोरपडीचं तेल मिळेल का, असं तिने विचारलं. मावसभाऊ काही बोलायच्या आत आई भिंतीला धरून उठली.

"ते बंद शे. मनी बहीनच बंद करी गयी," ती म्हणाली. मग म्हणाली, "बस आठे. कोठे दुखस?"

चुलीवर वाटी ठेवून तिने तिळाचं तेल गरम केलं. स्वतःचे गुडघे कसेबसे मोडून त्या बाईच्या पायाशी बसली, आणि चोळता चोळता, अक्का गेल्यापासून पहिल्यांदाच, रडली.