ढाल आणि जर्नल

परवा एका समारंभात एका तरुण प्राध्यापकाने मला गाठलं. कॉलेजांनी खेळावर पैसा लावला तर एकूण कॉलेजाचा फायदा होतो का, असा त्याचा प्रश्न होता. मी म्हटलं, होतो, भरपूर होतो. तो खूश होऊन लिहायला लागला आणि माझं डोकं सटकलं. कॉलेज म्हणजे नेमकं कोण, हे विचारायचं त्याला सुचलंच नाही.

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा झाला, त्या सुमाराची गोष्ट. मूल गावाच्या पुढे धानाच्या पट्ट्यात, एका लहानशा गावी आमचं कॉलेज होतं. आम्ही ढिवर. बाप तलावात जाळं टाकायचा, आई बाजारात मासळी विकायची. मी बी.एस्सी. करत होते ते एका जागेसाठी. सिरोंच्याकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवायला बाई हवी होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी मला शब्द दिला होता, पदवी घेऊन जूनमध्ये ये, तोवर थांबतो. दर महिन्याला पगार येतो म्हणजे काय, हे आमच्या घरात तोवर कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या वर्षी माझी एस.टी. सुटली. मी तिच्यामागे धावत सुटले आणि नाक्यावर तिला गाठलं. खेळाचे सर त्याच बसमध्ये होते. दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर. खोटं कशाला बोलू, मला धावायला आवडायचं. आयुष्यातले पहिले बूट मला कॉलेजाने दिले, रोज दोन अंडी आणि केळी दिली. शेताच्या धुऱ्यावरून अनवाणी पळणाऱ्या पोरीला ते बूट घालून वाटायचं, आपण आता कुणीतरी झालो. खेळावर माझा राग नव्हता आणि आजही नाही.

विद्यापीठाच्या खेळांची ढाल आमच्याकडे आली, मग दुसऱ्या वर्षी पुन्हा आली. गावातून मिरवणूक निघाली. आमदार आले, मैदानाला भिंत झाली, बसायला पायऱ्या झाल्या. चामोर्शी-आरमोरीकडची पोरं आमच्याकडे प्रवेश घ्यायला लागली. आणि आत काय होतं? फिजिक्सला शिकवायला माणूस नव्हता. केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत धड अशा दोन ब्युरेट. एकाने प्रयोग करायचा, बाकीच्यांनी मान वाकडी करून बघायचं आणि आकडे उतरवून घ्यायचे. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी काचसामान मागितलं तेव्हा संस्थेचे अध्यक्ष हसून म्हणाले होते, "काच फुटते हो, ढाल टिकते." सर आम्हाला हे सांगताना स्वतःही हसले. मलाही तेव्हा हसू आलं, त्याची लाज आज वाटते.

खेळाडूंच्या जर्नलची आमच्याकडे एक रीत होती. प्रॅक्टिकलच्या वह्या वर्षाअखेर खेळाचे सर गोळा करायचे, हुशार मुलांकडून भरून घ्यायचे आणि गठ्ठ्याने सह्या घेऊन परत आणून द्यायचे. सगळे याला सरांची माया म्हणायचे. मी माझं जर्नल स्वतः लिहिलं होतं. पाहिलेला प्रत्येक प्रयोग, आकृत्यांसकट. तरी रीत म्हणून, सही त्यांच्यामार्फतच होते म्हणून, फायनलला मी ते त्यांच्या हातात दिलं. इतकी मूर्ख होते मी.

परीक्षेच्या सकाळी जर्नल सापडेना. सर कुठल्याशा निवडीसाठी नागपूरला गेलेले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी सांगितलं, सहीचं जर्नल नाही तर बसता येणार नाही. नियमच तसा होता, त्यांचं काही चुकलं नाही. मी व्हरांड्यात उभी राहिले आणि खिडकीतून बाकीच्यांना बघत राहिले. ज्या मुलीला मी घरी बसून सगळी गणितं समजावली होती, ती आत ब्युरेट धूत होती.

आठवड्याने आमच्या शिपायाने मला गाठलं. इकडे तिकडे बघत तो म्हणाला, "बाई, तुमचं जर्नल सरांच्या कपाटात हाय. सही झालेलं हाय. मागच्या साली कबड्डीवाल्या पोराचंबी असंच ठेवलं होतं. पास झाला तं खेळाडू जाते ना निंगून."

मी सरळ प्रिन्सिपलसाहेबांच्या खोलीत शिरले. खेळाचे सर तिथेच चहा पीत बसले होते. मी विचारलं, माझं जर्नल कुठे आहे? कुणी नाकारलंसुद्धा नाही. साहेब म्हणाले, "अगं, एवढं काय झालं? पुन्हा फायनललाच नाव घालू. फी माफ. तुझ्याशिवाय ढाल येते का?" आश्रमशाळेच्या जागेचं मी सांगितलं तर सर म्हणाले, "जागा काय, निघतच राहतात." असं म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला.

मी तोंड उघडणार एवढ्यात दारात आई उभी. सर आदल्या दिवशीच आमच्या घरी जाऊन आले होते, हे मला तेव्हा कळलं. कॉलेज तुमच्या पोरीला आणखी एक वर्ष फुकट शिकवणार आहे, असं त्यांनी तिला सांगितलं होतं. आईने पळसाच्या पानात गुंडाळून दोन मोठ्या मरळी आणल्या होत्या. अशी मासळी आम्ही घरात कधी शिजवत नव्हतो, ती विकायचीच असायची.

"सायेब," ती हात जोडून म्हणाली, "माह्या पोरीले तुमी अजून एक साल ठेवून राह्यले. लय उपकार झाले. आमच्यासारख्यायच्या पोरीसाठी कोन करते एवढं?"

साहेबांनी मासळी शिपायाकडे दिली. घरी पोचव म्हणाले.

मग आई माझ्याकडे वळली. "अशी काऊन उभी हायेस? पाया पड ना सायबाच्या."

मी पडले. दोघांच्याही पडले. ती ज्याचे उपकार मानत होती ती चोरी होती, हे त्या खोलीत, त्या दोघांसमोर तिला सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. नंतर घरीही झालं नाही. जूनमध्ये त्या आश्रमशाळेत दुसरी बाई लागली. पुढच्या वर्षी मी धावले, ढालही आली आणि मग माझं जर्नल वेळेवर परत मिळालं.

आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या कॉलेजाने आपल्या पोरीचं भलं केलं, असं ती शेवटपर्यंत बाजारात मासळी घेणाऱ्या बायांना सांगायची. गेलेल्या वर्षाचं मी कधीतरी विसरेनही. पण तिला तसं सांगायला लावलं, यासाठी त्या माणसांना मी माफ करणार नाही.