टाळूला न चिकटणारं चॉकलेट

गेल्या शुक्रवारी वारूळवाडीत आमच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू झालं आणि वाण होतं... मी स्वतः केलेल्या चॉकलेट कुकीज. हो, मीच. दिवसभर पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा माणूस.

कुकीज मी मोबाइलवर बघून आणि बऱ्याच करपवून शिकलो. घरचं लोणी, थोडं नाचणीचं पीठ, अंडं अजिबात नाही... पण कुकीचा जीव चॉकलेटमध्ये असतो. तिथे मी तडजोड करत नाही.

बायकोने परवानगी दिली, पण बजावून. "अहो, सगळ्या आळीतल्या बायका येणार. बिघडलं तर नाव माझं जाईल, तुमचं नाही." खरंच होतं ते. वाणावरून बायका वर्षभर बोलतात.

नारायणगावला केकच्या सामानाच्या दुकानात गेलो. चॉकलेटचं पाकीट उलटं करून वाचलं... साखर, मग व्हेजिटेबल फॅट. कोको बटरचं नावच नाही. म्हणजे कंपाउंड, चॉकलेटची स्वस्त नक्कल. चांगलं चॉकलेट मोडताना कटकन वाजतं, बोटांत धरलं की मऊ व्हायला लागतं. हे मात्र मेणबत्तीसारखं ढिम्म.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, समदे हेच नेत्यात. कुकीत गेल्यावर कोणाला कळतंय?"

हे वाक्य मी माझ्या धंद्यातही ऐकत आलोय. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची तार भरा, कोणाला कळतंय... मला कळतं ना राव! कोको बटरवालं डार्क चॉकलेट मागवायला लावलं, तेव्हाच हललो. ते आल्यावर घरी सुरीने कापलं. बारीक चुरा पिठात मुरतो आणि मोठा तुकडा दाताखाली येतो, म्हणून.

शुक्रवारी सकाळी कपाट उघडलं तर प्लास्टिकच्या डब्यांची चळत! बायकोने गुपचूप दुसरं वाण आणून ठेवलं होतं. लागलं मनाला... पण कपाट लावलं आणि कुकीजच्या पुड्या बांधायला बसलो.

संध्याकाळी बायका जमल्या. मी स्वयंपाकघरात दाराआड, डोळे-कान बाहेर. शेजारच्या वहिनी पुडी हातात फिरवत म्हणाल्या, "भाऊंनी केल्यात व्हय? मोटारीचं ग्रीस न्हाई ना घातलं?" हशा पिकला. पुडी काही कोणी सोडेना. बायकोची नजर कपाटाकडे.

तिथे माझी आत्या बसली होती, डिंगोऱ्याहून आलेली. भावकीतल्या लग्नात लाडवाला वनस्पती तूप वापरलं असेल तर ही भर मांडवात सांगते, त्यामुळे आचारीसुद्धा तिला वचकून असतात. तिने पुडी सोडली. चॉकलेटचा तुकडा जिभेवर घेतला, जीभ टाळूला लावली आणि डोळे मिटून बसली.

"सूनबाई, ह्यात वनस्पती न्हाई बरं का. टाळूला काय बी चिकटलं न्हाई. लई चोख माल हाय."

मग काय... पुड्या फटाफट सुटल्या. ग्रीसवाल्या वहिनी तर "पोरांसाठी" म्हणून आणखी मागून घेऊन गेल्या.

सगळ्या गेल्यावर बायकोने ती डब्यांची चळत माझ्यापुढे आणून ठेवली. "तुमच्या चॉकलेटला फ्रीजमध्ये मसाल्याचा वास लागतो म्हणता ना? यात भरा."

पहिला डबा कुकीजने भरून आत्याबरोबर डिंगोऱ्याला गेला. त्या टाळूचे उपकार आहेत माझ्यावर. बाकीचे एकेक करून चॉकलेटने भरतोय... आणि बायको अजून 'पुरे' म्हणालेली नाही.