धरून ठेवलेला निरोप

माही नात घरूनच नोकरी करते. किन्हीराजा गावाले आमचं घर सडकेपासून आत हाय. तिथंच टिनाच्या खोलीत तिनं टेबल टाकला, आन दिवसभर लॅपटॉपपाशी बसून राह्यते. मी दुसरी शिकलेली. दुपारी सूप घेऊन तिच्या दारात बसतो, हरभरा निवडतो. टिन तापलं की डोळ्यावर झापड येते. तिच्या पडद्यावर हिरव्या रेघा वर सरकत राह्यतात, मधातच एखादी लाल. मले वाटे, कोनी शेत वखरून राह्यलं.

एकदा इचारलं, "कावं, हे काय पळून राह्यलं?"

"परीक्षा चालू हाय आजी. हिरवी म्हंजे पास, लाल म्हंजे नापास. आपोआप. मी जेवाले उठली तरी चालते."

"कोनाची?"

"डीबगरची." मंग खुर्ची माह्याकडं वळवून तिनं समजावून सांगतलं. एखाद्या प्रोग्राममधी खोट असली की ते शोधाले दुसरा प्रोग्राम त्याच्यावर बसवतात. तो डीबगर. पाह्यजे तवा त्याले थांबवते, पाह्यजे तवा चालवते. "आता कॉम्प्युटरचा कारभार पाह्यते ऑपरेटिंग सिस्टीम. ते प्रोग्रामले सिग्नल धाडते. थांब. वेळ झाली. मर आता. तुहं लेकरू संपलं."

"लेकरू?"

"प्रोग्रामनं दुसरा प्रोग्राम काढला त त्याले लेकरूच म्हनतात. पन हे सिग्नल पयले डीबगरच्या हाती पडते. मंग त्यानं ठरवाचं, काम थांबवाचं का, आमाले सांगाचं का, आन प्रोग्रामले पोचवाचं का आपल्यापाशीच ठेवाचं."

मी सूप खाली ठेवलं. "हे त माही सासू झाली."

नात खो-खो हासली. "तुले कुठीबी सासूच दिसते!"

हासू दे. मले खरंच दिसली. उंबरठ्यावर बसलेली, पाय पसरून. आमच्यात तवा चाल होती, पेरनीची तिफन चालू असली की वाईट निरोप वावरात न्याचा नाही. सुतक लागलं की पेरनी मोडते, अन् मातीतला वाफसा कोनासाठी थांबत नाही. निरोप्याले दारातच पानी द्याचं, गूळ द्याचा, अन् तिफन उभी राहेपर्यंत निरोप घरच्या म्हाताऱ्या बाईनं धरून ठेवाचा. तिफन थांबली की सांगाचा.

हरभऱ्याची पेरनी होती. मी तिफनीमांगं चाड्यात बी सोडत होती. मुठीतून दाने सुटे अन् कानात नुसती बैलाची घंटी. त्याच दिवशी माह्या मायचा निरोप आला होता. मले काय मालूम? तीन दिवस पेरलं. पेरनी झाली, तिफन माळ्यावर गेली, सासू काही बोलली नाही. मी रोज तिच्या हातची भाकर खाल्ली.

पुढं शेलूबाजारच्या बाजारात माहेरची कासारीन भेटली. माहा हात हातात घेऊन बांगडी चढवता चढवता म्हने, "कावं बाई, मायच्या तेरवीलेबी नाही आली?"

बांगडी अर्ध्यातच राह्यली.

घरी येऊन सासूले इचारलं. ते म्हने, "उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हनता दिवस गेले. मंग तोंडच झालं नाही." मी पानी भराले निघून गेली. काय करतो? दोन घागरी होत्या रिकाम्या.

हे सारं नातीले सांगतलं तवा ते हासली नाही. पडद्यावरची लाल रेघ दाखवली. "आजी, हे तेच हाय. प्रोग्राम थांबवला असतानी सिग्नल आला त डीबगर धरून ठेवते. चालू केला की द्याचा असते. दहा खेपा देते, अकराव्या खेपी नाही देत. काहून, ते सापडून नाही राह्यलं."

"लाजत असंन," मी म्हनली.

मंग तो दिवस आला. दोन वाजता तिले तिचं काम वरच्या साहेबाले दाखवाचं होतं. नोकरी पक्की होनार का नाही, ते त्याच्यावर होतं. फोन बंद करून ते बसली. सकाळी अकराच्या सुमारास माह्या बटनाच्या फोनवर सूनबाई, म्हंजे नातीची माय, बोलली. ते मानोऱ्याले गेली होती, आपल्या मायची सेवा कराले. "आत्याबाई, माय पोरीचं नाव घेऊन राह्यली. डॉक्टर म्हनते भरवसा नाही. पन पोरीले दोन वाजल्यावरच सांगा. तिचं नुसकान नको."

"बरं," म्हनली अन् दारात येऊन बसली. हरभरा निवडत राह्यली. टिन तापलं. घंटी वाजून राह्यली असं वाटे, पन बैल कुठी होते? उंबरठ्यावर सासू बसली होती, तिच्यापुढं गुळाचा खडा, त्याले मुंग्या लागलेल्या. नीट पाह्यलं त उंबरठ्यावर मीच होती.

उठली. "बाई, निरोप हाय."

"दोन वाजल्यावर आजी."

"दोनपर्यंत धरला त माह्याच हातात राह्यीन."

मी सांगून टाकलं. तिनं फोन चालू केला. मंग साहेबाले दोन ओळी लिहल्या, ओढनी घेतली. जाता जाता म्हने, "हे बंद नको करू. चालू राहू दे." सडकेवर शेलूबाजारची जीप उभीच होती, तिथून पुढं मानोऱ्याची गाडी भेटते.

मी तिच्या खुर्चीवर बसून राह्यली. रेघा सरकत होत्या, हिरव्या, हिरव्या, हिरव्या. कोनी बसलं नव्हतं तरी काम चालूच.

दिवस कलला तवा फोन आला. "आजी, ओळखलं मले तिनं. माह्या हातून पानी घेतलं." नाक ओढल्याचा आवाज आला. "साहेब काही बोलला नाही अजून."

"बरं."

"लाल हाय का गं अजून?"

मी पडद्याकडं पाह्यलं. "हाय एक."

"राहू दे," ते म्हनली.