रानकांद्याची बरणी

माझे सासरे कुणाचं ऐकतील तर शपथ! गावाहून कोलकात्यात, बेहालाच्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले, ते पिशवीत तीन रानकांदे घेऊन. दोन बाल्कनीतल्या कुंडीत लावले. तिसऱ्याच्या चकत्या वाळवून पूड केली आणि बरणीत भरली. चिरताना हात खाजून लाल झाले, तरी तोंड चालूच. "चिमूटभर मधातून चाटायची. माझी आई द्यायची. खोकला पळालाच म्हणून समज."

खोकला होताच त्यांना. पण हृदयाची गोळीही चालू होती. मी डॉक्टरांना फोन केला तर ते ओरडलेच. म्हणाले, हा कांदा त्या गोळीसारखाच हृदयावर काम करतो, दोन्ही एकत्र पोटात गेले तर ठोके बिघडून जिवावर बेतेल. बाबांना सांगितलं तर म्हणतात, "कालचा पोरगा तो!"

माझं डोकंच सटकलं. बाबा फिरायला गेल्यावर पूड फेकली, बरणी घासली आणि साधा कांदा ओव्हनमध्ये वाळवून, कुटून, चिरेत्याची, म्हणजे आपल्या काडेकिराईताची, पूड मिसळून तीत भरला. इथे लोक सकाळी चिरेत्याचं पाणी पितात, कडूजहर! बाबांनी चाटलं, तोंड वेडंवाकडं केलं आणि खूश होऊन म्हणाले, "हाच तो कडूपणा!"

आठवड्यात खोकला गेला. मग काय, बाबा बिल्डिंगचे वैद्यच झाले! एका सकाळी बघते तर कुंडीतला एक कांदा उपटलेला आणि बाबा घरात नाहीत. खालच्या मजल्यावरच्या आजोबांना खोकला झाला होता. त्यांना आम्ही इथल्यासारखं दादू म्हणतो. दादूही हृदयाची गोळी घेणारे. कणकेच्या हातांनीच जिना उतरले. कांदा अजून बाबांच्या हातातच होता. दादूंच्या दारात, त्यांनाही कळावं म्हणून हिंदीत, बरणीतली पूड बदलल्याचंही सगळं सांगून टाकलं. दादू खोकत खोकत हसले. बाबा हसले नाहीत.

दोन दिवस बाबांनी आपला चहा आपणच करून घेतला. तिसऱ्या दिवशी मी केलेला चहा घेताना म्हणाले, "मग माझा खोकला गेला कशानं?"

"आपोआप, बाबा."

"आणि आई द्यायची तेव्हा?"

मला फार वाईट वाटलं. "त्यांच्याजवळ डॉक्टर कुठे होता, बाबा?" एवढंच मी म्हणाले.

संध्याकाळी कुंडीत पाटी खोचलेली दिसली. वर दादूंच्या अक्षरात, बंगालीत: विषारी आहे, खाऊ नका. खाली बाबांच्या अक्षरात, मराठीत: सुनेनं दिलेलंही.